हायकू या छोट्या जपानी कवितेत ५-७-५ अक्षरांच्या मांडणीशिवाय आणखी काय लागतं?

माझ्या मते आकड्यांपेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या. एक ‘किगो’, म्हणजे ऋतू सुचवणारा शब्द. दुसरी ‘किरेजी’, म्हणजे ‘या’, ‘काना’, ‘केरि’ असा एखादा शब्द, जिथे कविता क्षणभर थांबते. जपानी कवी बाशोच्या १६८६ च्या प्रसिद्ध रचनेत ‘जुनं तळं’ या शब्दांनंतर ‘या’ येतो. मग बेडकाची उडी, पाण्याचा आवाज. बेडूक तिथे वसंताची खूण आहे! त्या थांब्यामुळेच तळ्याची शांतता ऐकू येते.

बाशोच्या काळी मात्र हा काव्यप्रकार ‘होक्कू’ होता, अनेकांनी मिळून रचलेल्या साखळी-कवितेचं पहिलं कडवं. त्याला स्वतंत्र कवितेचा मान आणि ‘हायकू’ हे नाव मिळालं ते कवी मासाओका शिकीमुळे, १८९० च्या दशकात. मराठीत वाचायचे असतील तर शिरीष पै यांच्या हायकूंपासून सुरुवात करा.