वाचकांचे प्रश्न : उन्हाळा, माग आणि उत्पादन

प्रश्न : पत्र्याच्या शेडमध्ये माझे साधे यंत्रमाग आहेत. एप्रिल-मेमध्ये कापड कमी निघतं. ही कामगारांची टाळाटाळ की उन्हाचा परिणाम? ‘तापमान वाढलं की देशाची वाढ घटते’ असं वाचलं, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?
— एक यंत्रमागधारक, इचलकरंजी

उत्तर : संबंध थेट आहे. डेल, जोन्स आणि ओल्केन या अर्थतज्ज्ञांनी २०१२ साली अनेक देशांची आकडेवारी मांडली. गरीब देशात एखादं वर्ष १ अंशाने जास्त तापलं, तर त्या वर्षीचा वाढीचा दर सुमारे १.३ टक्का-अंकांनी खाली येतो, आणि घट फक्त शेतीत नसते. भारतातल्या कारखान्यांवर ई. सोमनाथन व सहकाऱ्यांचा अभ्यास २०२१ साली आला. त्यात १ अंशामागे वार्षिक उत्पादन सुमारे २ टक्के घटलेलं दिसलं. सुरतेचे मागही त्यात होते.

टाळाटाळीचा संशय मात्र सोडा. पिकावर, म्हणजे टाकलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, मजुरी घेणारा माणूस हात आखडला तर स्वतःचेच पैसे गमावतो. काम करताना शरीरात उष्णता तयार होते. घाम सुकला नाही तर ती बाहेर पडत नाही आणि हात आपोआप मंदावतो. त्यात हवा कोरडी झाली की सुती ताणा (उभे धागे) जास्त तुटतो, म्हणजे गाठी मारण्यात आणखी वेळ.

आधी माणसावरचा उष्णतेचा ताण मोजा. नुसता थर्मामीटर पुरत नाही. दुसऱ्या थर्मामीटरच्या टोकाला मलमलची वात गुंडाळून तिचं टोक स्वच्छ पाण्यात सोडा. तिसरा थर्मामीटर काळ्या, चकाकी नसलेल्या पातळ धातूच्या पोकळ गोळ्यात बसवा; प्रमाणित गोळा १५ सेंटीमीटर व्यासाचा असतो. ओला आणि गोळ्यातला, असे दोन्ही थर्मामीटर मागांच्या मधल्या वाटेत छातीच्या उंचीवर टांगा, अर्ध्या तासाने वाचा. ओल्याचा आकडा गुणिले ०.७, गोळ्याचा गुणिले ०.३, आणि बेरीज; हाच उष्णतेच्या ताणाचा आकडा. ओला २७, गोळा ४० असेल तर १८.९ अधिक १२, म्हणजे ३०.९. उन्हाला सरावलेल्या माणसाच्या मध्यम कष्टाच्या कामाला आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा २८ आहे. वातीवर तंतू आणि खळीची धूळ बसली की ती नीट भिजत नाही आणि आकडा खोटा चढतो. वात वरचेवर बदला.

उपाय पत्र्यापासून सुरू करा. गंज आणि धूळ काढून पांढरा परावर्तक रंग द्या, दर फेब्रुवारीत पत्रा धुवा. मळलेला पांढरा पत्राही तापतो. मग वरच्या बाजूला गरम हवा ओढणारे पंखे लावा, फवारे त्यानंतर. सुती विणकामाला ७५ ते ८० टक्के आर्द्रता लागते, म्हणून बरेच जण आधी फवारेच बसवतात. पण बंद शेडमध्ये तीच हवा ओली करत राहिलं, तर मोटारींची उष्णता आतच साठते आणि ओल्या थर्मामीटरचा आकडा वर जातो. सूत सुखावतं, माणूस उकडतो.

प्रश्न : शेड थंड केली, तरी मे महिन्यात खाडे का होतात?
— मालेगाव

उत्तर : कामगार झोपतो ती खोलीही पत्र्याचीच असते. वर सांगितलेल्या सोमनाथन व सहकाऱ्यांच्या अभ्यासात थंडाव्यामुळे कामाची गती टिकली, गैरहजेरी मात्र कमी झाली नाही. हजेरीच्या वहीत रोजचं रात्रीचं किमान तापमानही लिहा. सलग गरम रात्रींनंतर बदली कामगार आधीच सांगून ठेवा, आणि जमलं तर कामगारांच्या खोल्यांचे पत्रेही त्याच रंगाने रंगवून द्या.