वाचकांचे प्रश्न : वाऱ्याचा भार मोजावा कसा?

शर्यतीच्या मोटारींच्या वायुगतिकीवरील गेल्या अंकातील लेखावर नाशिककर वाचकांची इतकी पत्रे आली, की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवावे लागले. त्यांपैकी चार पत्रे निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही गंगापूर रोडवरील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी असून विद्यार्थ्यांनी बनवलेल्या शर्यतीच्या मोटारींच्या ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेसाठी प्रथमच पुढे-मागे विंग (मोटारीला खाली दाबणारे पंख) असलेली मोटार तयार करीत आहोत. संगणकावरील सीएफडी विश्लेषणानुसार (म्हणजे हवेच्या प्रवाहाचे गणित सोडवून) ताशी ६० किलोमीटर वेगाला ७० किलो डाउनफोर्स, म्हणजे मोटारीला रस्त्याकडे दाबणारा हवेचा भार, मिळतो. हा आकडा प्रमाण मानून अंबडच्या कारखान्यात विंगचे साचे करायला द्यावेत, की आधी महाविद्यालयातील विंड टनेलमध्ये (कृत्रिम वारा सोडून चाचणी घेण्याच्या बोगद्यात) प्रतिकृती तपासावी? टनेलचा चाचणीकक्ष ३० सेंटिमीटर रुंद व तितकाच उंच आहे. (विद्यार्थी संघ, नाशिक)

उत्तर : साचे इतक्यात करू नयेत, आणि त्या टनेलमध्येही दिवस घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी आकडा तपासू. हवेची निम्मी घनता, वेगाचा वर्ग, मोटारीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि आकारावर अवलंबून असणारा एक गुणांक यांचा गुणाकार केला की डाउनफोर्स मिळतो. तुमच्या मोटारीचे क्षेत्रफळ सुमारे एक चौरस मीटर धरले, तर ७० किलोसाठी हा गुणांक चारच्या घरात जातो. वर्षानुवर्षे विंग बनवत आलेल्या संघांनी अभिमानाने सांगावा असा हा आकडा पहिल्याच प्रयत्नात हाती लागला असेल, तर आनंदाआधी शंका यायला हवी. सॉफ्टवेअरमध्ये हवेची घनता बहुधा घनमीटरला १.२२५ किलो अशी आधीच भरलेली असते. ती समुद्रसपाटीवरची आणि १५ अंश तापमानाची आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंच आहे आणि जानेवारीतल्या दुपारी पारा २५ अंशांवर असताना येथे घनता जेमतेम १.१ भरते, त्यामुळे एवढ्या एका दुरुस्तीने तुमच्या ७० किलोंचे ६३ होतात. स्पर्धा कोइमतूरला असली तरी तेथेही हिशेब फारसा बदलत नाही. वेळ वाचवण्यासाठी डाव्या-उजव्यापैकी अर्ध्याच मोटारीचे गणित सोडवले असल्यास आकडा दुप्पट करण्यात घोळ झालेला नाही ना, चाके फिरती आणि जमीन सरकती ठेवली आहे ना, आणि मेश (गणितासाठी हवेचे तुकडे पाडणारी जाळी) आणखी बारीक केल्यावरही उत्तर तेच राहते ना, हे पाहा. मेशबरोबर बदलत राहणाऱ्या आकड्याला उत्तर म्हणता येत नाही.

आता टनेलविषयी. प्रतिकृतीभोवतीचा प्रवाह मूळ मोटारीसारखा वागावा यासाठी दोहोंचा रेनल्ड्स अंक (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांचे नाते सांगणारी संख्या) सारखा असावा लागतो. म्हणजे प्रतिकृती जितक्या पट लहान, तितक्या पट वाऱ्याचा वेग अधिक हवा. तुमच्या कक्षात फार तर दहापट लहान प्रतिकृती बसेल आणि तिला ताशी ६०० किलोमीटरचा वारा लागेल. तो मिळणार नाही, आणि मिळालाच तरी त्या वेगाला हवा दाबली जाऊ लागते, त्यामुळे तुलनाच मोडते. शिवाय एवढी प्रतिकृतीही कक्षाचा नववा हिस्सा अडवते. हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आत असावे, असा संकेत आहे. सर्वांत मोठी अडचण जमिनीची आहे. तुमचे पुढचे विंग रस्त्यापासून ४० मिलिमीटरवर असेल, तर प्रतिकृतीत ते ४ मिलिमीटरवर येईल, आणि स्थिर तळाला चिकटून चालणारा हवेचा मंद थर तेवढ्यात सगळे विंग गिळून टाकेल. मोठे संघ टनेलच्या तळाशी वाऱ्याच्याच वेगाने फिरणारा पट्टा बसवतात तो याच कारणासाठी. कानपूरच्या आयआयटीतील राष्ट्रीय विंड टनेलचा कक्ष ३ मीटर रुंद व २.२५ मीटर उंच असून वाऱ्याचा वेग सेकंदाला ८० मीटरपर्यंत जातो. तेथे निम्म्या आकाराची प्रतिकृती ताशी १२० किलोमीटरला व्यवस्थित तपासता येईल, मात्र विद्यार्थी संघाने पहिल्याच वर्षी तो खर्च करावा असे मला वाटत नाही.

त्याऐवजी खरी मोटार हेच तुमचे उपकरण माना. हॉट वायरने (तापलेल्या तारेने) कापलेल्या फोमवर ग्लास फायबरचे दोन थर चढवून साच्याशिवाय विंगची पहिली जोडी करा. परवानगीने मिळालेल्या बंद, सरळ, सपाट रस्त्यावर ताशी ४० आणि ६० किलोमीटरच्या स्थिर वेगाने विंग लावून आणि काढून फेऱ्या घ्या, आणि प्रत्येक डँपरशेजारी (धक्के शोषणाऱ्या भागाशेजारी) सरकता पोटेन्शिओमीटर, म्हणजे सरकलेले अंतर मोजणारे विद्युत उपकरण, बसवून स्प्रिंग किती दबते ते नोंदवा. अपेक्षा किती धरावी, हेही सांगतो. चाकाशी मोजलेला स्प्रिंगचा ताठपणा दर मिलिमीटरला २५ न्यूटन असेल आणि प्रत्यक्ष डाउनफोर्स ४५ किलो असेल, तर प्रत्येक चाकाशी सरासरी साडेचार मिलिमीटरच दबाव दिसेल. रस्त्याच्या खडबडीने होणारी हालचाल याहून मोठी असते. म्हणून एका फेरीवर विसंबू नये, आणि वाऱ्याची दिशा हिशेबातून जावी यासाठी जाता-येता दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढावी.

एकूण भारापेक्षाही त्याची पुढची-मागची वाटणी अधिक मोलाची आहे. मोटारीचे वजन मागे अधिक आणि डाउनफोर्स पुढे अधिक असेल, तर वेग वाढेल तसतशी मागची चाके सुटू लागतात, आणि अशा मोटारीपेक्षा चालक बिनविंगची मोटार पसंत करील. विंगच्या खालच्या बाजूस सात-आठ सेंटिमीटरचे लोकरीचे धागे टेपने चिकटवून मोबाइलने चित्रण करा. धागे सरळ मागे लोळत असतील तर प्रवाह चिकटून आहे, वळवळत किंवा उलटे फिरत असतील तर तेथे विंग स्टॉल झाले आहे, म्हणजे प्रवाह विंगपासून सुटला आहे. दहा रुपयांच्या लोकरीतून मिळणारी ही माहिती संगणकावरील रंगीत चित्रांशी ताडून पाहा. दोन्ही जुळल्यावर साचे करा.

प्रश्न : ओझरच्या विमान कारखान्यात माझी हयात गेली. मोटारीचे विंग म्हणजे विमानाचा पंख उलटा बसवला, एवढेच ना? (एक निवृत्त तंत्रज्ञ, ओझर)

उत्तर : मूळ तत्त्व आपण म्हणता तेच आहे, फरक पडतो तो जमिनीमुळे. विमानाचा पंख मोकळ्या हवेत असतो, तर मोटारीचे पुढचे विंग रस्त्याला जवळजवळ टेकलेले असते. विंग आणि रस्ता यांच्या फटीतून जाताना हवा वेग घेते, तिचा दाब उतरतो आणि शोषण वाढते. मात्र फट फारच अरुंद झाली की दोन्ही पृष्ठांलगतचे मंद थर एकमेकांना भिडून प्रवाह तुंबतो आणि तो लाभ ओसरतो. दुसरे असे, की विमानाचा पंख लांब व निमुळता ठेवता येतो. मोटारीचे विंग आखूड असल्याने टोकांवरून हवा निसटते आणि तेथे एंडप्लेटच्या उभ्या भिंती घालाव्या लागतात.

याच तत्त्वावर फॉर्म्युला वन शर्यतींतील कॉलिन चॅपमन यांच्या लोटस संघाने १९७७ मध्ये मोटारीच्या दोन्ही कुशींखालचा भागच उलट्या पंखाच्या आकाराचा केला, आणि पुढच्या वर्षी लोटस ७९ मधून मारिओ आंद्रेत्ती विश्वविजेता झाला. त्याच १९७८ साली ब्रॅबहॅम या दुसऱ्या संघाने मागे मोठा पंखा बसवून खालची हवा उपसणारी मोटार आणली. निकी लाउडाने तिच्यावर स्वीडनची शर्यत जिंकली आणि ती मोटार पुन्हा शर्यतीत उतरली नाही. (तो पंखा मुख्यतः इंजिन थंड ठेवण्यासाठी आहे, असा संघाचा दावा होता, आपल्यासारख्या तंत्रज्ञाला त्याचे हसू येईल.) १९८३ पासून तळ सपाट ठेवण्याची सक्ती झाली. २०२२ मध्ये तळाखालील बोगदे परत आले, तेव्हा सरळ रस्त्यावर मोटारी डॉल्फिनसारख्या उसळू लागल्या: वेग वाढला की शोषणाने तळ खाली ओढला जाई, फट तुंबली की शोषण सुटे, मोटार वर येई आणि पुन्हा तेच चक्र सुरू होई. बहुतेक संघांना या दुखण्याची तीव्रता बार्सिलोनाच्या धावपट्टीवर गेल्यावरच कळली.

प्रश्न : फॉर्म्युला वनच्या संघांकडे एवढा पैसा असतो, तर ते खरी मोटारच विंड टनेलमध्ये का ठेवत नाहीत? (बारावीची एक विद्यार्थिनी, पंचवटी)

उत्तर : नियम आडवा येतो. प्रतिकृती मूळ मोटारीच्या ६० टक्क्यांहून मोठी नसावी आणि वारा सेकंदाला ५० मीटरहून, म्हणजे ताशी १८० किलोमीटरहून वेगवान नसावा, अशी मर्यादा आहे. वर विद्यार्थ्यांना सांगितलेला रेनल्ड्स अंकाचा हिशेब लावलास, तर ही चाचणी खऱ्या मोटारीच्या ताशी १०८ किलोमीटर वेगाशी जुळते, हे तुझ्या ध्यानात येईल. प्रत्यक्षात ती मोटार तीनशेच्या पुढे पळते.

टनेलमधील चाचणीच्या फेऱ्यांवरही बंधन आहे आणि ते मला फार आवडते, कारण त्यात पुढे असलेल्याला कमी वाढले जाते. सुमारे दोन महिन्यांच्या एका कालखंडात ३२० फेऱ्या हे मूळ प्रमाण धरले, तर २०२२ पासून विजेत्या संघाला त्याच्या ७० टक्के, म्हणजे २२४ फेऱ्या मिळतात, आणि पुढे प्रत्येक क्रमांकाला पाच-पाच टक्के वाढत दहाव्या संघाला ११५ टक्के, म्हणजे ३६८. सीएफडीवरही अशीच मर्यादा आहे. २०२६ च्या नव्या नियमांच्या मोटारींची वायुगतिकीय चाचणी तर १ जानेवारी २०२५ पूर्वी करण्यास सर्वांनाच मनाई होती. टनेल टाळून केवळ संगणकावर मोटार घडवण्याचा प्रयोग व्हर्जिन संघाने २०१० मध्ये केला; त्या मोसमात तो संघ तळाला राहिला. नवखा संघ आणि तुटपुंजे अंदाजपत्रक हीही त्याची कारणे होती, म्हणून सगळा दोष संगणकाला देता येणार नाही.

प्रश्न : माझ्या हॅचबॅकला मागे उंच फायबरचे विंग बसवले, तर कसारा घाटात गाडी अधिक स्थिर राहील का? (एक वाचक, इंदिरानगर)

उत्तर : नाही. घाटातील वेगाला त्यातून मिळणारा भार मागच्या सीटवर ठेवलेल्या पिशवीइतकाही नसेल. उलट हवेचा अवरोध मात्र वाढेल. गोदावरीला पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या मागे पाणी कसे भोवरे खात राहते, ते आपण पाहिले असेल. हॅचबॅकच्या तुटक पाठीमागे हवेचे तसेच भोवरे होतात आणि गाडीला मागे ओढतात. कंपनीने छताच्या कडेला दिलेली आखूड पट्टी हवा नेमकी कोठे सुटावी ते ठरवते आणि त्या भोवऱ्यांचा पसारा आवरते. उंच विंगला ते काम जमत नाही. तेवढे पैसे चांगल्या टायरवर खर्च करावेत, आणि घाटात उतरण्यापूर्वी त्यांतील हवेचा दाब तपासून घ्यावा.