सरकारची आपत्ती योजना पारखायची कशी?

मोठ्या आपत्तीची सरकारे खरोखर आधी तयारी करतात की संकट कोसळल्यावर धावपळ करतात, असे आपण विचारले आहे. योजना बहुतेक देशांकडे असते. ती किती जाडजूड आहे, यावरून मात्र काहीच कळत नाही. तालमीत सापडलेली उणीव पुढे कोणी भरून काढली का, हे मी आधी पाहतो.

जुलै २००४ मध्ये अमेरिकेतील लुइझियाना राज्यात ‘पॅम’ नावाच्या काल्पनिक चक्रीवादळाची तालीम झाली होती. न्यू ऑर्लिन्स पाण्याखाली गेल्यास ज्यांच्याकडे स्वतःचे वाहन नाही त्यांना बाहेर कसे काढायचे, हा प्रश्न तेव्हाच पुढे आला होता. त्याची तजवीज पुरी होण्याआधीच, ऑगस्ट २००५ मध्ये, कॅटरिना हे खरेखुरे चक्रीवादळ धडकले आणि वाहन नसलेले हजारो लोक शहरातच अडकले.

बांगलादेशाची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळात, म्हणजे तो प्रदेश पूर्व पाकिस्तान असताना, किमान तीन लाख माणसे गेली. त्यानंतर तेथे रेड क्रेसेंट या मदतसंस्थेच्या साथीने स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. वस्तीतलाच ओळखीचा माणूस धोक्याच्या पातळीप्रमाणे एक, दोन किंवा तीन बावटे चढवतो आणि मेगाफोनवरून ओरडत दारोदार फिरतो. तरीही १९९१ च्या चक्रीवादळात सव्वा लाखाहून अधिक माणसे दगावली, कारण इशारा मिळूनही जायला पुरेसे निवारे नव्हते. निवारे वाढले, अंदाज सुधारले, आणि २००७ च्या ‘सिडर’मध्ये मृतांचा आकडा काही हजारांवर थांबला. सुधारणेला लागलेली ही सदतीस वर्षे विसरू नयेत.

प्रत्यक्ष प्रतिसादाची उतरंड बहुतेक ठिकाणी सारखीच असते: आधी स्थानिक यंत्रणा, तिची ताकद अपुरी पडली की प्रांत, मग केंद्र. ब्रिटनमध्ये प्रत्येक प्रकारच्या संकटासाठी एक मंत्रालय आधीच नेमून दिलेले असते, ही पद्धत मला विशेष पटते, कारण ऐनवेळी ‘हे काम कोणाचे’ यावर वेळ जात नाही.

एका तालमीत मी स्वतः नियंत्रण कक्षात बसलो होतो. यादीतील पहिला दूरध्वनी लावला, तर ते अधिकारी वर्षभरापूर्वीच बदलून गेलेले. दुसरा क्रमांक बंद. योजनेच्या मुखपृष्ठावर मात्र त्याच वर्षाची तारीख होती. म्हणून आपल्या देशाची तयारी जोखायची असेल, तर योजना मागण्याआधी मागच्या तालमीचा अहवाल मागावा आणि त्यातील किती त्रुटी दूर झाल्या, हे विचारावे.