मनातल्या मनात केलेली प्रार्थना

प्रश्न : मी २७ वर्षांचा, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एका ख्रिस्ती मंडळीचा सभासद. रविवारची उपासना चुकवत नाही. पण साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सर्वांपुढे सांगायला, उभं राहायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो. मोठ्याने प्रार्थना जमत नाही. आशीर्वचन झालं की मी निघतो. मावशी म्हणते, "तुझा विश्वास थंड आहे." तरुण संघाच्या शिबिरात सोळा प्रकारांची व्यक्तिमत्त्व चाचणी झाली, तीत मी 'अंतर्मुख' निघालो. माझ्यासारख्याने मंडळीत करायचं तरी काय?

उत्तर : सलाम. मावशींबरोबर बसून बायबलमधल्या १ शमुवेलचा पहिला अध्याय वाचा. हन्ना शिलोला मनातल्या मनात प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई दारू प्यायली आहे! तिने त्याला नम्रपणे, पण स्पष्ट सांगितलं : मी प्यायलेली नाही, दुःखी आहे, परमेश्वरापुढे मन मोकळं करते आहे. एलीने तिचं ऐकलं आणि तिला आशीर्वाद दिला. मावशींनाही असंच सांगा. त्यांना काळजी वाटते म्हणून त्या बोलतात.

चाचणीचं फार मनावर घेऊ नका. अंतर्मुख-बहिर्मुख ही मांडणी मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ मध्ये केली. ते स्वतः एका स्विस पाळकाचे चिरंजीव. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी त्यावरून प्रश्नावली बनवली. तीच चाचणी पुन्हा दिली की पुष्कळांचा प्रकार बदलतो.

मी संडे स्कूलला शिकवते. पाठांतराला हात वर करणारी मुलं असतात, आणि वर्ग सुटल्यावर एकटंच जवळ येऊन "योना माशाच्या पोटात रडला असेल का?" असं विचारणारंही एखादं असतं. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली रडत, एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करत होत्या. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र पतीच्या मागोमाग आल्या नाहीत, स्वतःला पटल्यावरच आल्या. यांतल्या कुणाचा विश्वास थंड म्हणायचा?

दोष आपल्या रविवारच्या क्रमातही आहे. गीत, सूचना, साक्ष, पुन्हा गीत. शांत बसायला दोन मिनिटं मिळत नाहीत. मंडळीच्या पंचांनी पापांगीकाराच्या, म्हणजे पापं कबूल करण्याच्या प्रार्थनेच्या, आधी तेवढी जागा ठेवावी, असं मला कळकळीने वाटतं.

तुम्ही पाळकांना घरी जाऊन भेटा. आजाऱ्यांना भेटायला ते निघतील तेव्हा सोबत येतो म्हणा. खाटेशेजारी निमूट बसणारा माणूस रुग्णाला हवासा वाटतो. तिथे प्रार्थनेची वेळ आली तर लिहून नेलेली वाचा, काही बिघडत नाही. आणि येत्या रविवारपासून आशीर्वचनानंतर लगेच निघू नका. पायऱ्या उतरायला कुणा आजीला हात लागत असेल, तो तुम्ही द्या.