डायलिसिस की ऑर्थो वॉर्ड? आधी वॉर्ड

प्रश्न : माझी मुलगी जीएनएमच्या (नर्सिंगच्या डिप्लोमाच्या) शेवटच्या वर्षाला आहे. एका खासगी डायलिसिस सेंटरमधून तिला आत्ताच विचारणा झाली आहे. नाइट ड्युटी नाही, मशीनच सगळं करतं, बसून काम आहे, असं ते सांगतात. तिला मात्र ऑर्थो (हाडांचा) वॉर्ड आवडतो. ती अंगाने बारीक आहे, पेशंट उचलून उचलून कंबर जाईल अशी मला भीती वाटते. पुढे परदेशात जायचंही तिच्या मनात आहे. काय करावं? – एक आई, सोलापूर जिल्हा

उत्तर : नमस्कार ताई,

‘बसून काम’ हे ज्यांनी सांगितलं, त्यांनी डायलिसिसची शिफ्ट बहुधा काचेबाहेरून पाहिली असावी. हातातल्या फिस्टुलात, म्हणजे डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिनीत, दोन जाड सुया घालायच्या, त्याआधी त्यावर बोटं ठेवून आतली थरथर लागते का ते बघायचं. वजन करायचं, मागच्या खेपेपासून अंगात किती पाणी साठलंय ते काढायचं आणि आज किती ओढायचं ते डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. मग चार तास रक्त मिनिटाला अडीचशे-तीनशे मिली वेगाने बाहेर जाऊन परत येत असतं. मधेच पेशंट जांभया देतो, घाम फुटतो, बीपी कोसळतं. पायात गोळे येतात. मशीन आवाज करतं हे खरं, पण बऱ्याचदा त्याआधीच चेहरा बोलतो, आणि तो सिस्टरलाच वाचावा लागतो. उन्हाळ्यात घरच्यांनी मायेने शहाळं पाजलेलं असतं. त्यातलं पोटॅशियम किडनी बाहेर टाकू शकत नाही, आणि ते वाढलं तर हृदयच बंद पडू शकतं. ‘काल काय खाल्लंत-प्यायलात?’ हा प्रश्न गप्पा मारायला विचारलेला नसतो.

म्हणूनच माझं मत स्पष्ट आहे : डायलिसिस जरूर करावं, पण पहिली नोकरी म्हणून नको. एक-दोन वर्षं वॉर्डात जाऊ द्या. थेट मशीनवर गेलेली नवीन मुलगी त्यात पटकन तरबेज होते, आणि बाकीचं हात विसरतात.

शिवाय डायलिसिस आणि ऑर्थो हे दोन विषय वाटतात तितके लांबचे नाहीत. ड जीवनसत्त्वाला कामाचं रूप देण्यात किडनीचा मोठा वाटा असतो. ती निकामी झाली की कॅल्शियम-फॉस्फरसचं गणित बिघडतं, हाडं कमकुवत होतात, आणि डायलिसिसवरचा माणूस बाथरूममध्ये घसरून खुबा मोडून ऑर्थोत दाखल होतो. उलटंही होतं. गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणून वर्षानुवर्षं खाल्लेल्या आजी ऑपरेशनला येतात, तेव्हा तपासणीत क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं निघतं. डायलिसिसवरच्या पेशंटच्या फिस्टुलाच्या हाताला घाईत कुणी बीपीचा पट्टा बांधायला गेलं, तर ‘तो हात नको’ म्हणणारी, चार्टवरची वेदनाशामक गोळी बघून ‘सर, किडनीचा पेशंट आहे’ अशी आठवण करून देणारी सिस्टर दोन्हीकडे लागते. पुस्तकात ही दोन प्रकरणं वेगळी असली तरी कॉटवर माणूस एकच असतो.

तुमच्या लेकीला ऑर्थो आवडतं याचं मला कौतुक वाटलं. पुष्कळ मुलींना तिथे फक्त बेडपॅन आणि ड्रेसिंग दिसतं. एक उदाहरण देतो. मोटरसायकलवरून पडलेला मुलगा, नडगीचं हाड मोडलेलं, पायाला प्लॅस्टर. रात्री इंजेक्शन देऊनही तो कळवळतोय. नातेवाईक म्हणतात, नाजूक आहे. सिस्टर हळूच त्याच्या पायाचं बोट वर ताणते आणि तो किंचाळतो. आत सूज वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटत चालल्याची ही खूण असू शकते. पायाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहायचं नसतं, ती उशिरापर्यंत लागू शकते. डॉक्टरांना तेव्हाच उठवायचं, कारण थोड्या तासांत पाय कायमचा अधू होतो. इथे सकाळच्या राउंडची वाट बघणं महागात पडतं.

कंबरेची भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. नर्सेसमध्ये कंबरदुखी फार. पण ती ताकद कमी पडल्यामुळे कमी आणि एकटीने, वाकून, ओढून पेशंट सरकवल्यामुळे जास्त होते. मणक्याचा पेशंट वळवायचा तर तीन-चार जणं लागतातच. कॉट आपल्या कंबरेइतकी वर घ्यायची, गुडघ्यात वाकायचं, खाली सरकचादर घालायची, आणि वॉर्डातल्या मदतनीस मामा-मावशींना हाक मारायला लाजायचं नाही. ज्या हॉस्पिटलात हाक मारूनही कुणी येत नाही, ते हॉस्पिटल टाळा. बारीक मुली ऑर्थोत छान काम करताना मी पाहिल्या आहेत.

परदेशाचं म्हणाल, तर आखातात साधारणपणे वॉर्डातला दोनेक वर्षांचा अनुभव मागतात. जर्मनीत नर्स म्हणून मान्यता मिळवायला आधी भाषा लागते, तेव्हा क्लास आत्ताच लावला तरी फार लवकर लावला असं होणार नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. ऑर्थोपेडिक आणि पुनर्वसन नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमाही आहे.

नोकरी कुठलीही घेतली तरी आधी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी होऊ द्या. नेमणूकपत्रावर ‘स्टाफ नर्स’ लिहिलेलं हवं. काही ठिकाणी नर्सला टेक्निशियन म्हणून घेतात, आणि पुढे तो अनुभव नर्सिंगचा म्हणून दाखवताना अडचण येते. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवायला देऊ नका आणि बाँड असेल तर सही करण्याआधी घरी आणून वाचा. त्या डायलिसिस सेंटरला फोन कराच, पण दोन गोष्टी विचारून घ्या : एका शिफ्टला एका सिस्टरकडे किती मशीन असतात, आणि हिपॅटायटिस बीच्या (रक्तातून पसरणाऱ्या काविळीच्या) पेशंटसाठी वेगळं मशीन आहे का. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर नकार द्यायला वर्षभर थांबायचीही गरज नाही. मुलीचे हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस झालेत का, तेही बघा. राहिले असतील तर या आठवड्यात सुरू करा, पूर्ण व्हायला सहा महिने लागतात.