जॅकवेलच्या पुलाखाली बुडी मारताना

प्रश्न : आम्ही दोघा मित्रांनी तारकर्लीला स्कूबाचा अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स केला आहे. नाथसागरात (जायकवाडी धरणाच्या जलाशयात) एका जॅकवेलकडे, म्हणजे जलाशयातलं पाणी पंपाने उपसायच्या विहिरीकडे, जाणाऱ्या पुलाच्या खांबांना गावातल्या मच्छीमारांची जाळी अडकली आहेत. खोली अंदाजे ८ मीटर. पंप रात्रंदिवस चालतात. काठावरून उतरून जाळी सोडवता येतील का? तयारी काय करावी?
— एक वाचक, पैठण तालुका

उत्तर : पंप चालू असताना अजिबात नाही. ८ मीटर खोली तुम्हाला झेपेल; खरा धोका जॅकवेलच्या तोंडाशी आहे. विहिरीतली पातळी जलाशयापेक्षा ३ मीटर खाली असेल आणि पाणी आत जायचं भोक ३० सेंटिमीटर व्यासाचं असेल, तर त्यावर चिकटलेल्या माणसावर सुमारे २१० किलोंचा दाब येतो. दोघांनी ओढूनही तो सुटत नाही. ही ओढ लांबून कळतही नाही, जवळ गेल्यावर एकदम धरते.

पंप बंद केला म्हणजे ओढ थांबली असं नाही. पातळ्या सारख्या होईपर्यंत पाणी आत धावतच राहतं, आणि झडप लावून विहीर उपसलेली असेल तर गळक्या झडपेतून तासन्‌तास. म्हणून झडप उघडीच ठेवायला सांगा. एकाच स्लॅबवरून टेप सोडून विहिरीतलं आणि बाहेरचं पाणी मोजा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. दोन्ही वेळा आतबाहेरचं माप जुळलं तरच पाण्यात उतरा. पॅनलचा मेन स्विच पाडून त्याला कुलूप लावा, किल्ली काठावरच्या तुमच्या माणसाच्या खिशात हवी. वीज गेली आणि परत आली की काही पंप आपोआप सुरू होतात. ऑपरेटरचा शब्द तिथे कामी येत नाही. शेजारी दुसरी जॅकवेल असेल तर तिचंही हेच करा.

एवढं करूनही तोंडावरच्या गजांत गुंतलेलं जाळं तुम्ही सोडवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ते काम वरून नळीने हवा घेणाऱ्या व्यावसायिक पाणबुड्यांचं. तुम्ही काठाकडचे खांब घ्या.

परवानगी तीन ठिकाणची लागेल : जलसंपदा, पाणीपुरवठा योजना आणि वन्यजीव विभाग, कारण जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात पाहुणे पक्षी असतात, तेव्हा नकोच. मार्चमध्ये, सकाळी वारा सुटायच्या आत उतरा.

पिचिंगच्या (काठाच्या उतारावर रचलेल्या) दगडांवर शेवाळ असतं. फिन्स (पायात घालायचे पंख) हातात घेऊन उतरा आणि कमरेएवढ्या पाण्यात घाला. समुद्रात लावत होता त्यापेक्षा कमरेच्या पट्ट्यातलं वजन २ ते ३ किलो कमी करा, गोड्या पाण्यात तेवढं लागत नाही. धरण भरल्यावर पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ४६४ मीटर असते आणि ३०० मीटरच्या वरची बुडी उंचीवरची धरतात, म्हणून डाइव्ह कॉम्प्युटरमधली (बुडीची खोली आणि वेळ मोजणाऱ्या यंत्रातली) उंचीची सेटिंग तपासून घ्या.

तळाला काळ्या मातीचा गाळ आहे. एकदा फिन लागला की हातही दिसत नाही. त्यामुळे कमरेला दोर आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला माणूस हवाच : एक झटका ठीक, दोन ढील द्या, तीन ढील आवरा, चार वर ओढा. तंगूस (जाळ्याचा नायलॉन धागा) चाकूने नीट कापला जात नाही, ताणला की निसटतो. स्टीलची कात्री न्या. एक कापणारं हत्यार उजव्या हाताला सापडेल असं आणि दुसरं डाव्या हाताला सापडेल असं बांधा. जाळं खालून कापत वर या, म्हणजे सुटलेला भाग अंगावर पडत नाही. खांबाच्या पायथ्याशी ठेकेदाराच्या उरलेल्या सळया आणि तारा हमखास असतात.

१२ लिटरच्या टाकीत २०० बार (दाबाचं एकक) दाबाला २४०० लिटर हवा असते. जाताना एक तृतीयांश, येताना एक तृतीयांश, उरलेली अडचणीसाठी. काम करताना श्वास वाढतो, तेव्हा जाण्याचा आणि कापण्याचा वेळ मिळून १५ मिनिटंच धरा.

प्रश्न : टाकी गावातल्या पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर भरली तर चालेल?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. त्याचा दाब साधारण ८ ते १० बार, आणि टाकीला २०० लागतो. शिवाय त्या हवेत तेलाची वाफ असते, डिझेल इंजिनजवळ हवा ओढत असेल तर कार्बन मोनॉक्साइडही. श्वासाच्या हवेचा फिल्टर असलेल्या कॉम्प्रेसरवरच भरा आणि भरण्याआधी टाकीच्या खांद्यावर कोरलेली चाचणीची तारीख वाचा.