आधी चढाच्या जागा उरका

नुकतेच निवृत्त झालात ना? मग जिथे चढायचंय तिथे आधी जाऊन या. राणीची बाग सत्तरीतही जमेल. घारापुरीला मात्र लाँचमधून उतरल्यावर शंभरावर पायऱ्या आहेत. कान्हेरीला वरच्या लेण्यांकडे खडकातच पायऱ्या कोरल्यात, पावसात शेवाळ धरतं, आणि उतरतानाच गुडघ्यांची खरी परीक्षा. थंडीत जा, सकाळी लवकर; दोन्हीकडे सोमवारी बंद. 75 नंतर एसटी मोफत होते म्हणून थांबू नका हो, 65 पासून अर्धं तिकीट आहेच. मेडिक्लेम तेवढा चालू ठेवा. आणि वहिनींना विचारा, त्यांना कुठे जायचंय. इतकी वर्षं डबे भरताना त्यांच्याही मनात काही राहून गेलं असेल, पहिलं तिकीट तिथलंच काढा.